मार्क अँडरसन यांच्या गळ्यातलं गाव

ओली वाळू, तळपायाला टोचणारे शिंपले, तोंडावर खारा वारा. साल 1253, ऑगस्टचा मध्य. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या स्कारबरो बंदरात तुम्ही उभे आहात. वर कड्यावर किल्ला, पुढ्यात शिडांची दाटी. तिसऱ्या हेन्री राजानं याच जानेवारीत गावाला सनद दिली आहे: 15 ऑगस्टपासून 45 दिवस जत्रा भरवा. नॉर्वे-डेन्मार्कचे व्यापारी माल घेऊन उतरताहेत. शिरा गर्दीत, खा धक्के. पण ज्या गाण्यासाठी एवढ्या लांब आलात, ते इथं कुणाच्याच ओठांवर नाही. ‘स्कारबरो फेअर’ला अजून अवकाश आहे.

1670च्या सुमाराला या. या गाण्याचा पूर्वज असलेलं, सुट्या कागदावर छापलेलं एक स्कॉटिश गीत तुमच्या हाती पडतं. परीलोकातला सरदार एका मुलीला अशक्य कामं सांगतो आणि ती त्याला सवाई कामं सांगते. त्यात स्कारबरोचं नावही नाही. ते पुढे गाणाऱ्यांच्या तोंडी येऊन चिकटलं.

1788 साली जत्रा कायमची उठली. गाणं किनाऱ्यानं फिरत राहिलं. जवळच्या व्हिटबीच्या रस्त्यांवर गायलं जाणारं एक रूप लोकगीतं गोळा करणाऱ्या फ्रँक किडसन यांनी 1891मध्ये छापलं.

गाण्यातली एकच मागणी घ्या: खारं पाणी आणि किनारा यांच्या मधोमध एकरभर जमीन. स्कारबरोच्या दक्षिणेकडच्या पुळणीवर ओहोटीला उभे राहा आणि शोधा. लाट मागे सरते, चकाकती पट्टी उघडी पडते. पाऊल उचलता तोवर पुढची लाट ती गिळते. दुरावलेल्या माणसाला ‘तिथं भेट’ म्हणून सांगायला याहून नेमकी जागा मला ठाऊक नाही.

आता 1947. समुद्र पाठीमागे टाकून आत डोंगराळ भागात, मिडलटन-इन-टीसडेलला चला. शिशाच्या खाणीत राबून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले मार्क अँडरसन लोकगायक इवान मॅकॉल यांना गाणं म्हणून दाखवताहेत. जवळ बसा, नीट ऐका. ना गिटार, ना मायक्रोफोनपुढचा थाट. खाणकामगाराच्या गळ्यात एका बंदराचं नाव जिवंत आहे.

पुढचं भराभर घडतं. मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या 1960च्या पुस्तकातून ते मार्टिन कार्थी यांच्या गिटारवर येतं. 1965मध्ये लंडनला पॉल सायमन ते कार्थींकडून शिकतात. 1966ला सायमन-गारफंकल यांची तबकडी निघते आणि पुढच्याच वर्षी ‘द ग्रॅज्युएट’ हा चित्रपट ते जगभर नेतो. तबकडीवर कार्थींचं नाव नव्हतं. तो सल बरीच वर्षं राहिला. 2000 साली लंडनमध्ये सायमन आणि कार्थी एकत्र गायले.

अँडरसन मात्र 1953मध्येच गेले होते. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. पुढच्या खेपेला हे गाणं लावाल, तेव्हा सोबतच्या माणसाला त्यांचं नाव जरूर सांगा.