जांभळावर येणारं छोटं वटवाघूळ : मारू नका, फळं झाका

बदलापूर परिसरात जांभूळ पिकलं की रात्री झाडावर छोटी वटवाघळं येतात. ती वडावर लटकणाऱ्या मोठ्या वाघळांची पिल्लं नव्हेत, ही जातच वेगळी आहे. आखूड नाकाचं फळभक्षी वटवाघूळ, शास्त्रीय नाव सायनोप्टेरस स्फिंक्स. वजन साधारण 50 ग्रॅम, कानांची कड पांढरट. दिवसा ते ताडामाडाच्या झावळ्यांत राहतं. नर पानं-देठ कुरतडून तंबूसारखा आडोसा करतो.

हे रक्त पीत नाही. वासावरून पिकलेलं फळ शोधतं, दुसऱ्या झाडावर नेतं, रस गिळून चोथा थुंकतं. बी तिथेच पडते. बांधावर न लावता झाडं उगवतात, त्यात यांचाही वाटा असतो.

1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढली. 1 एप्रिल 2023 पासून हा बदल लागू आहे.

पेरू, चिकूला पिशव्या बांधा. वटवाघळाने उष्टं केलेलं फळ खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, त्यातून आजार येऊ शकतो. घरात शिरलं तर हाताने धरू नका. दिवा बंद करून खिडकी उघडी ठेवा.