दोन निद्रा आणि मधली जाग : एक ऐतिहासिक विचार



परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या मोहल्ल्यातील घराघरांतून एकच वाद ऐकू येतो. आई म्हणते, "रात्री जागू नकोस, पहाटे उठून वाच." मुलगा म्हणतो, "पहाटे जाग येत नाही, मी रात्रीच बसतो." अलीकडे या वादात तिसरा पक्ष निघाला आहे. झोपेचे तुकडे पाडावेत, थोडी रात्री, थोडी पहाटे, थोडी दुपारी, म्हणजे कमी झोपूनही तरतरी राहते, असे मुले कुठूनतरी ऐकून येतात आणि लगेच प्रयोगास लागतात. हा प्रयोग अगदी नवा आहे, असा त्यांचा समज असतो. तो किती जुना आहे आणि त्यात खरे किती, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या अहमदनगरच्या (2024 पासून अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याशी निगडित गोष्टीपासूनच आरंभ करू.

8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद हे भुलाभाई देसाई यांच्या घरी उतरले होते. निजावयास उशीर झाला, तरी नेहमीच्या सवयीने ते पहाटे चारला उठले. डोके जड होते. त्यांनी ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या घेतल्या, वर चहा घेतला, आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठवावयाच्या पत्राचा मसुदा लिहावयास बसले. पण ग्लानी आवरेना. मसुदा अर्धवट टाकून ते पुन्हा आडवे झाले. जेमतेम पाव तास झाला असेल, तोच कुणी तरी पायाला हात लावून त्यांना जागे केले. पोलीस अटकेचा हुकूम घेऊन आले होते. 'इंडिया विन्स फ्रीडम' या 1959 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मौलानांनीच हा प्रसंग सांगितला आहे. पहाटे उठण्याची सवय हाडीमासी मुरलेल्या माणसाचीसुद्धा रात्र आखूड पडली की काय गत होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

मौलानांना आपल्या किल्ल्यात आणले गेले आणि एप्रिल 1945 पर्यंत ते तेथे होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, डॉ. सय्यद महमूद, शंकरराव देव हेही बरोबर होते. नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिला. मौलानांचा लेखनाचा प्रहर मात्र पहाटेचा. तीन-चारच्या सुमारास उठावे, स्वतःच्या हाताने चिनी जास्मिन चहा करावा, बिनदुधाचा, लहान पेल्यातून घोट घोट घ्यावा, आणि मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहावयास बसावे. ती पत्रे टपालात पडणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. तीच पुढे 1946 साली 'गुबारे खातिर' या नावाने ग्रंथरूप झाली. चहात दूध घालणाऱ्या आपणा सर्वांविषयी त्यांनी त्यात जे लिहिले आहे, ते नगरच्या चहावाल्यांनी न वाचलेलेच बरे!

असो. मौलानांची ही रीत म्हणजे लवकर निजून लवकर उठणे होय. झोपेचे दोन भाग पाडणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिचा स्पष्ट नमुना आपल्या दीनी परंपरेतच आढळतो. सही बुखारी व सही मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अब्दुल्लाह इब्न अम्र (र.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. हजरत दाऊद (अ.) निम्मी रात्र निजत, तिसरा हिस्सा इबादतीत उभे राहत आणि शेवटचा सहावा हिस्सा पुन्हा निजत. विद्यार्थ्यांनो, याचे गणित करून पाहा. रात्र बारा तासांची धरली तर सहा तास झोप, चार तास जाग आणि पुन्हा दोन तास झोप. एकूण झोप आठ तासांची! तुकडे पडले, पण बेरीज कमी झाली नाही. हेच अब्दुल्लाह इब्न अम्र तरुणपणी रोज रोजा धरून रात्रभर नमाजीत उभे राहू लागले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना आवरले आणि शरीराचा व डोळ्यांचाही माणसावर हक्क असतो, याची जाणीव दिली. इशापूर्वी निजणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे, या दोन्ही गोष्टी पैगंबरांना आवडत नसत. दुपारच्या विश्रांतीचे म्हणाल तर कुरआन शरीफच्या सूरह नूरमध्ये घरातील खाजगीपणाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत, त्यांत दुपारी वस्त्रे उतरवून ठेवण्याची वेळ आहे. म्हणजे ही रीत त्या समाजात सर्वमान्य होती. अरबीत तिला कैलूला म्हणतात. आपल्या हिंदू शेजाऱ्यांची वामकुक्षी ती याहून फारशी वेगळी नाही.

युरोपातही असेच काही होते, असे अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी 2001 च्या लेखात आणि 2005 च्या ग्रंथात दाखविले. जुनी रोजनिशी, कोर्टातील जबान्या, वैद्यकाची पुस्तके यांत त्यांना 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे शब्द वारंवार सापडले. मधल्या तासा-दोन तासांत लोक प्रार्थना करीत, विस्तव सारखा करीत, गप्पा मारीत. पुढे दिवे स्वस्त झाले, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले आणि ही रीत मोडली. 1992 साली टॉमस वेअर या मानसवैद्यांनी काही निरोगी माणसांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेविले, तेव्हा त्यांची झोप आपोआप दोन भागांत विभागली गेली. तथापि एवढ्यावरून हाच निसर्गनियम ठरवू नये. टांझानिया, नामिबिया व बोलिव्हिया येथील विजेविना राहणाऱ्या जमातींचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ते लोक बहुधा एकाच दमात निजतात असे दिसले.

आपल्या कामाचा अभ्यास रियाधचा. फजरसाठी उठून पुन्हा निजणारांची झोप तेथील किंग सौद विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपासली व 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकूण झोप तेवढीच ठेवली तर ती सलग असो वा तुटक, दिवसाच्या पेंगेत फरक पडला नाही. तपासलेली माणसे थोडी होती, हेही सांगितले पाहिजे.

आता झोप कमी करण्याचा हव्यास. मौलाना आपल्या किल्ल्यात होते त्याच 1943 साली अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकात बकमिन्स्टर फुलर या संशोधकाची हकीकत आली. दर सहा तासांनी अर्धा तास, म्हणजे दिवसाकाठी केवळ दोन तास झोपून आपण दोन वर्षे काढली, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत्यांच्या वेळा जुळेनात म्हणून त्यांनी तो क्रम सोडला. मुलांना भुरळ पाडणारी कथा हीच. परंतु अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञमंडळाने 2021 साली अशा तुकड्या-तुकड्यांच्या वेळापत्रकांचा आढावा घेऊन त्यांपासून लाभ दिसत नाही, अपाय दिसतो, असा अभिप्राय दिला. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास झोप हवी, असे हीच संस्था सांगते. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थीदशेत बारापर्यंत जागून तीनला उठण्याचा पराक्रम केला होता. भूमितीच्या पेपरात डोळा लागला आणि पर्यवेक्षकांनी जागे केले, तेव्हा अर्धा तास गेला होता.

आपल्या जिल्ह्यात तुटकी झोप हौसेने घेणारे थोडे, नाइलाजाने घेणारे फार. पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की नेवासे-राहुरीचा शेतकरी बिबट्याचे भय बाळगीत मध्यरात्री बारे द्यावयास जातो. साखर कारखान्यातील कामगाराची पाळीही बदलत राहते. यांना कैलूल्याची गरज सर्वांत जास्त आणि सवड सर्वांत कमी.

विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न रमजानचा आहे. 2025 साली रमजान मार्चच्या आरंभी आला, नंतर तो फेब्रुवारीकडे सरकला. बोर्डाच्या परीक्षाही याच दिवसांत. तरावीहनंतर घरी आल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून दहाला निजलात, तर सहरीसाठी पावणेपाचला उठेपर्यंत पावणेसात तास होतात. अकराचा पेपर असेल तर फजरनंतर सव्वासहा ते सव्वासात पुन्हा निजता येते. जुहरनंतर अर्धा-पाऊण तास मिळाला की बेरीज आठांच्या पुढे जाते. दहाऐवजी साडेबारा केलेत तर कोणत्याही तुकड्याने ती भरून निघत नाही.

या हिशेबात सहरी रांधणारी आई धरलेली नाही. ती चारलाच उठते आणि भांडी आवरून दहानंतरच आडवी होते. तिच्या वाट्याला फजरनंतरचा तास येत नाही, कारण तेव्हा धाकट्यांच्या शाळेचे डबे असतात. तिच्यासाठी दुपारचा तास कोणी राखावयाचा, हे रमजानचा चंद्र दिसण्यापूर्वीच घरात बसून ठरवा.