ट्रिपॅनोसोमातील आरएनए संपादन

ट्रिपॅनोसोमातील आरएनए संपादन ही ट्रिपॅनोसोमा, लेशमेनिया व त्यांच्याशी संबंधित एकपेशीय परजीवींच्या तंतुकणिकेत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात, घडणारी प्रक्रिया आहे. तीत संदेशवाहक आरएनएमध्ये युरिडीन हे घटक घातले किंवा त्यातून काढले जातात. त्यानंतरच त्या आरएनएपासून योग्य प्रथिन तयार होऊ शकते. आरएनए केव्हा धरून ठेवायचा व केव्हा मोकळा करायचा, हे मोठ्या प्रमाणात प्रथिनांच्या परस्पर जोडणीवरून ठरते.

शोध
१९८६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील रॉब बेन व सहकाऱ्यांना एका संदेशवाहक आरएनएमध्ये मूळ जनुकात नसलेले चार युरिडीन आढळले. पुढे ट्रिपॅनोसोमा ब्रुसेईच्या सायटोक्रोम ऑक्सिडेज ३ या जनुकाच्या आरएनएमध्ये ५४७ युरिडीन घातले व ४१ काढले जातात, असे दिसून आले. हे बदल कोठे करायचे याची माहिती मार्गदर्शक आरएनए या लहान रेणूंत असते. त्यांचा शोध १९९० मध्ये लागला. या परजीवींच्या तंतुकणिकेतील डीएनए मोठ्या व लहान वर्तुळांचा बनलेला असतो. संपादनाची गरज असलेली जनुके मोठ्या वर्तुळांत, तर बहुतेक मार्गदर्शक आरएनएंची जनुके लहान वर्तुळांत असतात.

प्रथिनांची भूमिका
आरएनए कापणे, युरिडीन जोडणे वा काढणे आणि तुटलेली टोके सांधणे ही कामे विकरांचा एक संकुल करतो. आरएनए बांधून ठेवण्याचे काम मात्र दुसऱ्या संकुलाचे आहे. त्यातील गॅप१ व गॅप२ ही प्रथिने एकमेकांवर अवलंबून असतात. त्यांपैकी एक नाहीसे केल्यास दुसरेही टिकत नाही आणि पेशीतील मार्गदर्शक आरएनए घटतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी अभ्यासात या संकुलाची तीन रूपे दिसली. पहिल्या रूपात मार्गदर्शक आरएनएची दोन्ही टोके प्रथिनांत झाकलेली असतात. त्यामुळे तो स्वतःवरच दुमडतो व संदेशवाहक आरएनए त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. संकुलातील प्रथिनांची रचना बदलून दुसरे किंवा तिसरे रूप आले की मार्गदर्शक आरएनए उलगडतो आणि दोन्ही आरएनएंची जोडी जमते.

एमआरपी१ व एमआरपी२ ही प्रथिनेही एकत्र आल्यावर आरएनए धरतात. त्यांच्या पृष्ठभागावर आरएनएचे बेस बाहेरच्या बाजूस उघडे राहतात. त्यामुळे जुळणारा दुसरा आरएनए त्यांच्याशी सहज जोडला जातो.

महाराष्ट्रातील संदर्भ
ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीमुळे घोडे, उंट व गुरांना सर्रा हा रोग होतो. चावणाऱ्या माश्या त्याचा प्रसार करतात. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. या परजीवीला मारणारे अपोलिपोप्रोटीन एल१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, असे २००६ मध्ये स्पष्ट झाले.

या परजीवीने तंतुकणिकेतील डीएनएची मोठी वर्तुळे गमावली आहेत. एटीपी सिंथेज या विकरातील एका उत्परिवर्तनामुळे तो त्यांच्याविना जगतो. ट्रिपॅनोसोमा ब्रुसेईला मात्र रक्तातही संपादन अत्यावश्यक असते. त्यामुळे ही प्रक्रिया औषधांचे संभाव्य लक्ष्य मानली जाते. तथापि, केवळ संपादन रोखणारे औषध सर्रावर प्रभावी ठरण्याची अपेक्षा करता येत नाही.