ईद नेमकी कधी?

रमजानच्या २९ व्या रोज्याला संध्याकाळी घरोघरी एकच प्रश्न असतो : शिरखुर्म्याचं दूध आज घ्यायचं की उद्या? चांद दिसला तर सकाळी ईद, नाहीतर तिसावा रोजा. मजुरीला जाणाऱ्या बाईनं खाडा कुठल्या दिवशी सांगायचा?

मग पंचांगासारखं आधीच गणित का करत नाहीत? करणारे आहेत. दाऊदी बोहरा समाज इजिप्तच्या फातिमी काळापासून चालत आलेली मोजणी पाळतो. एक महिना ३० दिवसांचा, पुढचा २९ चा, आणि ३० वर्षांतल्या ११ वर्षांत एक दिवस जादा. त्यांचा रमजान कायम ३० दिवसांचा.

१९३९ साली इजिप्तचे अहमद मुहम्मद शाकिर यांनी लिहिलं, की पैगंबरांच्या काळी लोकांना लिहिणं-मोजणं येत नव्हतं म्हणून डोळ्यांनी चांद पाहायचा. आता येतं, तर मोजावं. आम्हाला नवल याचं, की हे सांगणारा माणूस हदीसचा पंडित होता.

अडचण वेगळीच आहे. अमावास्या कधी संपते ते मिनिटापर्यंत सांगता येतं. पण कोवळी कोर डोळ्यांना दिसेल का, आणि दुसऱ्या देशात दिसलेली आपल्याला चालेल का? १९७८ साली इस्तंबूलच्या परिषदेनं माप ठरवलं : चंद्र सूर्यापासून ८ अंश दूर आणि क्षितिजाच्या ५ अंश वर हवा. २०१६ मध्ये तिथंच जगभर एकच कॅलेंडर असावं, असं बहुमतानं ठरलं. तरी सगळ्या देशांनी ते घेतलं नाही. आपल्याकडे अजून चांद कमिटी साक्षी घेते, मगच ईद जाहीर होते.