टँकरपासून की पुतळ्यापासून?

११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवासी महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी १० जण मारले गेले. पोलिसांची हकिगत गॅसच्या टँकरपासून सुरू होते : जमाव तो पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडल्या. इथून सुरुवात केली की मेलेला माणूस ‘जमाव’ ठरतो; पुतळ्यापासून केली की दुखावलेला नागरिक. गुंडेवार आयोगाने पोलिसांची कृती असमर्थनीय ठरवली. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ने वस्तीचे म्हणणे पडद्यावर आणले. ‘गोळीबार झाला’ या वाक्यात गोळी झाडणारा दिसत नाही. ‘हत्याकांड’ म्हटले की त्याचे नाव विचारावे लागते.