धूळपाटीपासून लॅपटॉपपर्यंत : विद्यार्थ्याच्या दप्तराचा इतिहास

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या की मोहल्ल्यातल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला लॅपटॉप घेऊन द्यायचा का? मुलीच्या हातात स्मार्टफोन द्यावा का? हप्त्यावर घ्यावा की कुणाचा जुना पाहावा? या वादात कुणीतरी बुजुर्ग हमखास म्हणतात, “आमच्या उलमांकडे कुठे होती ही यंत्रं? ते चिरागाच्या उजेडात शिकले आणि जगाला शिकवून गेले.”

हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, पण इतिहासाला धरून नाही. त्या उलमांच्या हातात त्यांच्या काळातली सर्वांत नवी साधने होती. त्यांच्या विद्येचा आणि त्या साधनांचा संबंध फार जवळचा आहे.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. शाळेत जाणारे मराठी मूल पाठीवर ‘दप्तर’ घेते. हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्या दप्तरातला ‘कागद’ फारसीतला, ‘कलम’ अरबीतला, ‘दऊत’ अरबीतली आणि ‘शाई’ फारसीतल्या सियाहीतून आलेली. वस्तू ज्या वाटेने येते, तिचे नावही बहुधा त्याच वाटेने येते. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. तुघलकांच्या काळापासून आमच्याकडे कागद बनतो, असे तिथले कारागीर सांगतात. पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे. पेशवाईतले जमाखर्च ज्या कागदांवर लिहिले गेले, त्यांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद होता आणि तो बनवणाऱ्या कागदी कुटुंबांत मुसलमान मोठ्या संख्येने होते.

हा कागद मुळात चीनचा. ७५१ साली तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला ही कला शिकवली, अशी कथा सांगितली जाते. अलीकडचे अभ्यासक या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. व्यापाऱ्यांच्या आणि भिक्खूंच्या वाटेने कागद त्याआधीच मध्य आशियात पोहोचला होता, असे ते मानतात. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला, यावर मात्र फारसे दुमत नाही. नवव्या शतकात याकूबी या भूगोलकाराने बगदादच्या वर्राकांच्या, म्हणजे कागद विकणाऱ्या आणि ग्रंथांच्या नकला करणाऱ्यांच्या, शंभराहून अधिक दुकानांची नोंद केली आहे. चर्मपत्र महाग आणि पपायरस इजिप्तवर अवलंबून. कागदामुळे विद्यार्थ्याला स्वतःची वही बाळगणे परवडू लागले.

आता गणिताकडे येऊ. आपल्याकडे गावठी शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने लिहायचे, पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिथलाच. भारतीय गणितीही आकडेमोड अशीच करत. ८२५च्या सुमारास अल-ख्वारिज्मी यांनी हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला. हे अंक पश्चिमेकडे गेले तेव्हा त्यांच्यासोबत ही धूळपाटीही गेली. अरबीत तिला तख्त म्हणत आणि त्या हिशेबाला ‘हिसाब अल-गुबार’. गुबार म्हणजे धूळच.

या पद्धतीत एक अडचण होती. धुळीवर गुणाकार करताना मधले अंक पुसत पुढे जावे लागे. शेवटी उत्तर उरे, पण ते कसे आले याचा माग राहत नसे. चूक कुठे झाली हे शोधायचे तर सगळे गणित पुन्हा मांडावे लागे. ९५२-५३ साली दमास्कसमध्ये अबुल हसन अल-उक्लिदिसी यांनी यावर उपाय दिला. काहीही न पुसता कागद आणि शाईने हिंदी अंकांचे गणित कसे करावे, हे त्यांनी ‘किताब अल-फुसूल’ या ग्रंथात सांगितले. धूळपाटी नको असण्याचे त्यांनी दिलेले एक कारण मजेशीर आहे. ती पाटी रस्त्यावर भविष्य सांगून पोट भरणाऱ्यांच्या हातात दिसते, त्यामुळे प्रतिष्ठित माणसाला ती चारचौघांत काढायला संकोच वाटतो, असे ते म्हणतात. साधनावरून माणसाची पत ठरवण्याची खोड तेव्हाही होती! दशांश अपूर्णांकांचा आज माहीत असलेला अरबीतला सर्वांत जुना वापरही याच ग्रंथात आहे. ११५७ साली केलेली त्याची एकच नक्कल आज शिल्लक आहे. तीही कागदावर होती म्हणून टिकली. धुळीवरचे गणित कुणापर्यंत पोहोचले असते?

त्या काळाचे खरे ‘गॅजेट’ म्हणावे असे यंत्र म्हणजे उस्तुरलाब. तळहातावर मावणारी पितळी तबकडी, पण तिच्यावर वेळ, सूर्य-ताऱ्यांची उंची आणि किब्ल्याची दिशा काढता येई. मूळ कल्पना ग्रीकांची, तिला घडवले आणि वाढवले अरबी-फारसी कारागिरांनी. दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीम यांच्या ‘फिहरिस्त’मध्ये ही यंत्रे बनवणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात अल-इज्ली या कारागिराची मुलगी आहे. हलबच्या सैफुद्दौलाच्या दरबारी ती काम करत होती. आज तिला ‘मरियम’ म्हणून ओळखतात. हे नाव मूळ नोंदीत नाही, तिथे तिला फक्त ‘अल-इज्लिया’ म्हटले आहे. मुलींच्या हातात यंत्र द्यावे का, असे विचारणाऱ्यांनी ही एक ओळ जरूर वाचावी. हजार वर्षांपूर्वी एका बापाच्या हुनरात मुलगीही तयार झाली होती.

हे ज्ञान एका धर्मापुरते राहिले नाही. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारी असलेल्या महेंद्र सूरी या जैन मुनींनी १३७० साली ‘यंत्रराज’ हा उस्तुरलाबावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. १३९१ साली इंग्रज कवी चॉसर याने दहा वर्षांच्या लुईससाठी ऑक्सफर्डच्या अक्षांशाला जुळणारा उस्तुरलाब आणि तो वापरण्याची पुस्तिका तयार केली. तिचा बराचसा आधार अरबी परंपरेतून लॅटिनमध्ये गेलेला होता.

पण ही साधने गरिबाच्या मुलाला कशी मिळत? याचे उत्तर बगदादच्या मुस्तनसिरिया मदरशात सापडते. १२२७ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १२३४ साली तो खुला झाला. चारही फिक्ही मजहबांचे प्रत्येकी ६२, असे एकूण २४८ विद्यार्थी तिथे घेतले जात. जेवण, दरमहा एक दीनार, नक्कल करायला कागद आणि कलम, रात्रीच्या वाचनासाठी दिव्याचे तेल हे सगळे वक्फच्या उत्पन्नातून मिळे. दालनात नमाजच्या वेळा सांगणारे पाण्याचे घड्याळ होते. आपले बुजुर्ग ज्या चिरागाचे कौतुक करतात, त्याचे तेल कुणीतरी पुरवत होते.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यावर छापखाना आला. इस्तंबूलमध्ये ज्यूंनी १४९३ साली हिब्रू पुस्तक छापले. तिथल्या मुसलमानांचा, इब्राहिम मुतेफर्रिका यांचा, छापखाना मात्र १७२७ साली मंजूर झाला आणि पहिले पुस्तक १७२९ साली निघाले. आपल्याकडे गोव्यात १५५६ साली छपाई सुरू झाली. १५८० साली जेझुइट पाद्रींनी फतेहपूर सिक्रीत अकबराला अँटवर्पला छापलेले अनेक खंडांचे बायबल भेट दिले. बादशहाने ते आदराने स्वीकारले, पण मुघलांनी छापखाना काढला नाही. जोडाक्षरी लिपीची अडचण, कातिबांची रोजी, सुंदर हस्ताक्षराची आवड, बाजारपेठेचा अभाव अशी बरीच कारणे अभ्यासक देतात. सगळा दोष उलमांवर टाकणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ज्यांनी कागद पश्चिमेला पोहोचवला, त्यांच्याच घरात छापील पुस्तक उशिरा आले आणि त्याची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजावी लागली.

आजचा लॅपटॉप या रांगेतली पुढची वस्तू आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, प्रकल्प, ग्रंथालय सगळे त्याच्यावर आले आहे. तो नसलेला विद्यार्थी सायबर कॅफेच्या वेळेवर शिकतो. संध्याकाळनंतर बाहेर पडू न शकणारी विद्यार्थिनी तेवढेही शिकत नाही. लॅपटॉपने वेळ वाया जातो ही तक्रार खोटी नाही, पण त्यावरचा इलाज वापराची शिस्त शिकवणे हा आहे.

म्हणून ‘घ्यावा का’ यापेक्षा ‘कुणी पुरवावा’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोहल्ल्यातल्या जमातीने, संस्थांनी आणि वक्फच्या मुतवल्लींनी निदान एक खोली, चार संगणक, इंटरनेट आणि रात्री दहापर्यंत वीज एवढे तरी ठरवावे. मुलींसाठी तिथे वेगळी वेळ किंवा जागा ठेवावी. गरजू विद्यार्थ्याला वर्षभरासाठी लॅपटॉप देऊन पुढच्या वर्षी तो दुसऱ्याला द्यावा. मुस्तनसिरियाच्या वक्फने तेव्हा कागद आणि तेल दिले होते, आजचा कागद आणि आजचे तेल हेच आहे.