अमेरिकेतल्या राज्याचा टॅक्स: दिवस कसे मोजायचे आणि फोनवर पुरावा कसा ठेवायचा?

पुण्यातून बंगळुरूला नोकरीला गेलात तर आयकरात फरक पडत नाही, कारण आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्राचा. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडासारखे काही अपवाद सोडले तर राज्यांचाही वेगळा आयकर असतो. राहायचं एका राज्यात आणि काम दुसऱ्या, तर रिटर्न दोन्हीकडे. मी न्यू जर्सीत राहतो, ऑफिसही तिथंच. पण आठवड्यातून एखादा दिवस नदीपलीकडे मॅनहॅटनला क्लायंटकडे जातो. म्हणून न्यूयॉर्कचंच उदाहरण घेतो.

इथं दोन वेगळ्या मोजण्या आहेत. पहिली रहिवासाची. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा बहुतेक काळ तुमचं कायम राहण्याजोगं घर असेल आणि तुम्ही तिथं १८३ पेक्षा जास्त दिवस काढले, तर राज्य तुम्हाला रहिवासी धरतं आणि सगळ्या उत्पन्नावर टॅक्स लावतं. दिवसाचा थोडा भाग म्हणजेही पूर्ण दिवस. संध्याकाळी मित्राकडे जेवायला गेलात, एक दिवस लागला! फक्त विमान पकडायला जाणं किंवा हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असणं धरत नाहीत.

दुसरी मोजणी कामाच्या दिवसांची, आणि घोळ इथंच होतो. ‘१८३च्या आत आहे, म्हणजे टॅक्स नाही’ असं मलाही वाटायचं. तसं नसतं. २०२५चे ३६५ दिवस घ्या. शनिवार-रविवार १०४, सुट्ट्या १०, रजा १५ वजा केल्या की कामाचे २३६ उरतात. त्यातले ५९ न्यूयॉर्कमध्ये केले, तर पगाराचा चौथा हिस्सा न्यूयॉर्कचा. १,२०,००० डॉलर पगार असेल तर ३०,००० तिथल्या नॉन-रेसिडेंट रिटर्नमध्ये दाखवायचे. तिथं भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट न्यू जर्सीत मिळतं, त्यामुळे सहसा दुहेरी फटका बसत नाही.

आणखी एक गंमत: ऑफिस न्यूयॉर्कला असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी न्यू जर्सीतल्या घरून काम केलंत, तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच. मला हा नियम अजून पटलेला नाही, पण पाळावा लागतो.

आता फोन. चौकशी झाली तर दिवस सिद्ध करायची जबाबदारी तुमची. मी गूगल मॅप्सच्या टाइमलाइनवर निर्धास्त होतो. पण ती आता फोनमध्येच साठते, आणि मी बॅकअप चालू न करता फोन बदलला. सात महिने गायब! मग कॅलेंडर, ट्रेनचे व्यवहार, कॉफीची बिलं असं करत दोन रविवार घालवले, तरी चार दिवसांचा पत्ता लागला नाही. ते मुकाट्याने न्यूयॉर्कमध्ये धरले.

त्यामुळे मॅप्समध्ये टाइमलाइन उघडून आधी बॅकअप चालू करा. ऑटो-डिलीट ३ महिन्यांवर असेल तर बदला, कारण रिटर्न भरल्यावर साधारण ३ वर्षं चौकशी होऊ शकते. तरी टाइमलाइन एकटी पुरत नाही. फोन घरी राहिला की तिच्या लेखी तुम्हीही घरीच. मी आता गूगल शीट्समध्ये रोज एक ओळ भरतो: तारीख, राज्य, काम की सुट्टी, पुरावा. बेरीज काउंटइफ्स फॉर्म्युला करतो. रात्री साडेनऊचा अलार्म लावलाय, अर्धं मिनिट जातं.